वाचकांचे प्रश्न: तारे वाचायला रेणूंचं गणित कशाला?

मागच्या अंकात 'ताऱ्यांबद्दल काहीही विचारा' असं लिहिलं होतं, तर आलेल्या पत्रांत बरीचशी भविष्याचीच निघाली. ती बाजूला ठेवलीत, पत्रिका आमच्याकडे बघत नाहीत. बाकीच्यांतले काही प्रश्न खाली घेतलेत, सगळे ठाणे आणि नवी मुंबईकडचेच आहेत.

प्रश्न: ताई, मुलगा बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला एका प्राध्यापकांकडे उन्हाळी प्रोजेक्ट मिळतोय, पण त्यांच्या ग्रुपचा विषय म्हणे एकीकडे ताऱ्यांचं खगोलशास्त्र आणि दुसरीकडे मटेरियल आणि मॉलिक्यूलचं कॉम्प्युटेशनल फिजिक्स. आमच्या सोसायटीतले एक आयटीवाले काका म्हणाले हे दोन डगरींवर हात ठेवणं झालं, कुठलंच धड होणार नाही. खरंच असं आहे का? आणि नोकरीचं काय? (एक आई, ऐरोली)

उत्तर: काकांना सांगा डगर एकच आहे. बाहेरून बघितलं की लांबचे वाटतात हे विषय, एकात दुर्बीण, एकात कॉम्प्युटर, पण ताऱ्यात काय आहे ते कळायची आपल्याकडे सोय काय आहे सांगा. त्याचा तुकडा आणून लॅबमध्ये टाकता येत नाही, आपल्यापर्यंत येतो तो फक्त त्याचा प्रकाश, आणि त्या प्रकाशाचा अर्थ अणूरेणूंचं गणित केल्याशिवाय लागत नाही.

१८१४ साली फ्राउनहोफरने सूर्यप्रकाश प्रिझममधून नीट पसरवून बघितला तेव्हा त्यात शेकडो काळ्या रेषा दिसल्या, पण त्या कशाच्या हे कळायला १८५९ उजाडलं. किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. मग काय, लोकांनी याद्याच केल्या, लोखंड आहे, कॅल्शियम आहे, सोडियम आहे, आणि बऱ्याच जणांनी मनाशी ठरवून टाकलं की सूर्य म्हणजे तापलेली पृथ्वीच. पण रेष ठळक म्हणजे माल जास्त असं नसतं. आमटीत हिंग चिमूटभर असतो तरी वास घरभर जातो, डाळ भांडंभर असते पण तिचा वास कोणाला येतो?

हे गणिताने पकडलं ते आपल्या मेघनाद साहांनी, १९२० मध्ये. अमुक तापमानाला, अमुक दाबाला, किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटून गेलेले असतील याचं समीकरण त्यांनी दिलं. आता सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान आहे साधारण ५७७२ केल्व्हिन. आपल्याला डोळ्याला दिसणारी हायड्रोजनची रेष उमटायची तर त्या अणूचा इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्या पातळीवर चढलेला लागतो, आणि या तापमानाला असा चढलेला अणू साधारण वीस कोटींमागे एक. तुमच्या मुलाला करून बघायला सांगा, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. वीस कोटींत एक असूनही सूर्यप्रकाशात हायड्रोजनची रेष चांगली ठसठशीत दिसते, म्हणजे मुळात हायड्रोजन किती असला पाहिजे बघा! सेसिलिया पेन या तरुण मुलीने १९२५ च्या आपल्या प्रबंधात साहांचं समीकरण वापरून हेच काढलं, की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. त्या वेळचे मोठे खगोलशास्त्रज्ञ रसेल यांना ते पटलं नाही, तिला प्रबंधातच लिहायला लागलं की हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा, आणि चार वर्षांनी रसेल स्वतः त्याच निष्कर्षावर पोचले. (बाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.)

इथपर्यंत अणू झाले. ताऱ्याचं तापमान तीन-साडेतीन हजारांवर आलं की त्याच्या वातावरणात अणू एकमेकांना चिकटून रेणू होतात आणि काम एकदम अवघड होतं. रेणू वळतो, थरथरतो, आणि प्रत्येक हालचालीच्या जोडीला त्याच्या रेषा. सूर्यावरच्या डागांत पाणी आहे हे तुम्हाला माहीत होतं का? डाग बाकी सूर्यापेक्षा थंड असतात, तीन हजार केल्व्हिनच्या थोडं वर, तिथे पाण्याची वाफ टिकते. डागांच्या प्रकाशात रेषांची नुसती गर्दी होती, त्या पाण्याच्या आहेत हे १९९५ मध्ये जाहीर झालं, पण कुठली रेष रेणूच्या कुठल्या हालचालीची ते १९९७ मध्ये कॉम्प्युटरवर रेणूचं गणित करून लावलं तेव्हा कळलं. पुढे २००६ मध्ये गरम पाण्याच्या वाफेच्या रेषांची यादी आली, तिच्यात पन्नास कोटींवर रेषा, आणि २०१४ ची मिथेनची यादी तर ९८० कोटींच्या आसपास. एवढ्या रेषा लॅबमध्ये बसून कोण मोजणार, त्या सोडवूनच काढाव्या लागतात.

आणि सोडवणं म्हणजे काय तर श्रोडिंगरचं समीकरण, १९२६ चं. पाण्याच्या एका रेणूत १० इलेक्ट्रॉन, प्रत्येकाची जागा सांगायला तीन आकडे, म्हणजे तीस. प्रत्येक आकड्यासाठी नुसते दहाच ठिपके घेतले तरी एकावर तीस शून्यं इतक्या जागी उत्तर साठवायला लागेल, तुमच्या ऐरोलीतली सगळी डेटा सेंटरं रिकामी करून दिली तरी पुरणार नाहीत. म्हणून युक्त्या लागतात. त्यातली सगळ्यात चाललेली युक्ती वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांची, १९६४-६५ मधली, की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढण्याऐवजी कुठे किती इलेक्ट्रॉन दाटलेत एवढी घनता धरून चालायचं, तिला तीनच आकडे लागतात. याला डेन्सिटी फंक्शनल थिअरी म्हणतात, मुलं नुसतं डीएफटी म्हणतात. कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं, भौतिकशास्त्रज्ञ माणूस आणि नोबेल केमिस्ट्रीचं. आता खरं सांगायचं तर वर सांगितलेल्या रेषांच्या यादीला डीएफटी पुरत नाही, तिथे जास्त काटेकोर आणि फार महागड्या पद्धती लागतात, पण ताऱ्यांभोवतीची धूळ, गुरूसारख्या ग्रहाच्या पोटातला दाबलेला हायड्रोजन, आणि इकडे बॅटरीचं, सोलर सेलचं मटेरियल, या सगळ्याला तेच डीएफटी आणि पुष्कळदा तोच कोडही.

नोकरीचं म्हणाल तर मुलगा या प्रोजेक्टमध्ये लिनक्स, पायथन, थोडं फोरट्रान आणि मोठ्या मशिनवर काम लावणं शिकेल, ते कुठेही वाया जात नाही. संशोधनातच जायचं असेल तर एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढे पीएचडीला जेस्ट किंवा नेट, आणि टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) परीक्षा वेगळी. मात्र विषयापेक्षा गाइड कसा आहे ते आधी बघायला सांगा, मुलांना वेळ देतात का, स्वतः कोड उघडून बसतात का, आधीच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारावं सरळ. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही तुम्हाला जवळच आहे, खाडी ओलांडली की आलंच, तिथे पदवीच्या मुलांसाठी काय चालतं त्यावर लक्ष ठेवा.

प्रश्न: मी मूळचा देवगड तालुक्यातला, आता नेरूळला मुलाकडे असतो. आमच्या विजयदुर्गावर १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियरसाहेबाने हेलियमचा शोध लावला असं लहानपणापासून ऐकतोय, किल्ल्यावर साहेबाचे कट्टे पण आहेत. नातू म्हणतो आजोबा हे चूक आहे. कोण बरोबर? (निवृत्त शिक्षक, नेरूळ)

उत्तर: काका, कट्टे खरे, साहेब खरा, सालात गल्लत आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे बरोबर, फ्रेंच जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मच्छलीपट्टणला, आणि आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीलाही एक इंग्रज लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडातच होते. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या रेषा बघायची युक्ती त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडे साधली, जान्सेनलाही हीच युक्ती गुंटूरला सुचलेली, आणि दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. त्या ज्वाळांच्या प्रकाशात दिसलेली पिवळी रेष सोडियमची नाही, पृथ्वीवर न सापडलेल्या कशाची तरी आहे, हा अंदाज लॉकियरचा, आणि ते काहीतरी म्हणजेच हेलियम. विजयदुर्गला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, कट्टे त्या वेळचे. तोपर्यंत रॅम्सेने १८९५ मध्ये युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम काढूनसुद्धा दाखवला होता. तर नातू बरोबर, पण किल्ल्याचा मान त्याने कमी होत नाही, हेलियमवर जन्मभर काम केलेला माणूस तिथे बसून सूर्य बघून गेला हे काही थोडं नाही.

एक भर घालते. हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन, तरी त्याचं समीकरण कागदावर पूर्ण सुटत नाही, दोघं एकमेकांना ढकलत असतात म्हणून. बोरचं मॉडेल (इलेक्ट्रॉन ठरलेल्या कक्षांतच फिरतो असं मानणारं) हायड्रोजनला छान चाललं आणि हेलियमशी येऊन अडकलं. १९२९ च्या सुमारास हिलेरास नावाच्या नॉर्वेजियन माणसाने टेबलावरच्या आकडेमोडीच्या मशिनवर घासघासून त्याची ऊर्जा काढली ती प्रयोगाशी छान जुळली, आणि तेव्हा लोकांची खात्री पटली की नवं क्वांटम गणित एकाहून जास्त इलेक्ट्रॉनलाही चालतं.

प्रश्न: मी महापे एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. तारेवाल्यांना रेणूंचं गणित लागतं हे समजू शकतो, पण उलटं कधी होतं का? ताऱ्यांच्या अभ्यासातून आमच्या लाइनला काय मिळालं? उगाच पैसा खर्च असं वाटतं कधीकधी. (महापे)

उत्तर: होतं ना, आणि चांगलं ठळक उदाहरण आहे, सी-६०. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये हॅरी क्रोटो इंग्लंडातून ह्यूस्टनला गेले ते कार्बन जास्त असलेल्या ताऱ्यांच्या वातावरणात लांबलचक कार्बनच्या साखळ्या कशा होत असतील ते बघायला. तिथे स्मॉली आणि कर्ल यांच्याकडे लेझरने मटेरियलची वाफ करायचं यंत्र होतं, ते त्यावर सेमीकंडक्टरचं काम करत होते. ग्रॅफाइटवर लेझर मारला, हेलियमच्या झोतात वाफ थंड केली, आणि वजनाच्या आलेखात ७२० वर भलामोठा शेंडा. कार्बन १२, गुणिले ६०. साठ अणूंचा पोकळ चेंडू. साखळ्या बघायला गेले आणि कार्बनचा नवाच प्रकार हाताला लागला, १९९६ चं केमिस्ट्रीचं नोबेल. बरं, तो ग्रॅमच्या मापात बनवायची पद्धत १९९० मध्ये शोधली क्रेचमर आणि हफमन यांनी, ते दोघेही मुळात अवकाशातल्या धुळीवर काम करणारे! पोटॅशियम मिसळलं की सी-६० कमी तापमानाला सुपरकंडक्टर होतो, आणि त्याच्यापासून केलेलं एक संयुग ऑरगॅनिक सोलर सेलमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलं. २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला हाच चेंडू एका मरणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या वायूत सापडला.

पैशाचं म्हणाल तर सरळ हिशोब मांडता येत नाही, पण क्रोटोंना कोणी विचारलं असतं की तुझ्या ताऱ्यांच्या साखळ्यांचा इंडस्ट्रीला उपयोग काय तर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं एवढं नक्की.

प्रश्न: मी नववीत आहे. एका व्हिडिओत बघितलं की एक तारा पूर्ण हिऱ्याचा आहे. खरं का? किती कॅरेट? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर: कॅरेटचा आकडा मोठा येतो, पण हिरा नाही गं. तू बघितलंस ते श्वेत बटू ताऱ्याबद्दल असणार. सूर्यासारखा तारा जळून संपला की मधला गाभा उरतो, कार्बन आणि ऑक्सिजनचा, वस्तुमान सूर्याच्या निम्मं वगैरे आणि आकार पृथ्वीएवढा. व्याधाच्या शेजारी असाच एक आहे. तो इतका दाबलेला असतो की एक घन सेंटिमीटर म्हणजे साधारण एक टन.

आता हिरा म्हणजे काय, तर कार्बनचा प्रत्येक अणू शेजारच्या चौघांशी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन घट्ट बसलेला. श्वेत बटूत एवढा दाब असतो की इलेक्ट्रॉन कुठल्याच एका अणूचे राहत नाहीत, सगळे सगळ्यांचे होऊन जातात, मग वाटून घेणार काय? तरी तो थंड होत गेला की उरलेले अणुगर्भ एकमेकांपासून सगळ्यात लांब राहता येईल असे ओळीने बसतात आणि स्फटिक होतो, पण त्याची रचना हिऱ्यासारखी नाही, आपल्या साध्या लोखंडासारखी, घनाच्या आठ कोपऱ्यांवर एकेक आणि एक मध्ये. व्हॅन हॉर्न यांनी १९६८ मध्ये हे गणिताने सांगितलं होतं, गोठताना उष्णता बाहेर पडेल आणि तारा निवायला उशीर लागेल असं. २०१९ मध्ये गाया यानाच्या मोजणीत नेमके अशा जागी रेंगाळलेले तारे सापडले.

आणि तुझ्या घरातल्या तांब्याच्या वायरमध्येही इलेक्ट्रॉन असेच सगळ्यांचे असतात बरं का. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अशा गर्दीचं नवं क्वांटम गणित फाउलर यांनी १९२६ मध्ये आधी श्वेत बटूला लावलं, धातूंना ते लावलं गेलं त्यानंतर. चंद्रशेखर १९३० मध्ये मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा बोटीवर त्यांनी हेच पुढे नेलं, त्यातून श्वेत बटूचं वस्तुमान जास्तीत जास्त १.४ सूर्यांएवढंच असू शकतं ही प्रसिद्ध मर्यादा आली.

प्रश्न: मृगातला तो लाल तारा फुटणार म्हणतात. पाम बीच रोडवरून दिसेल का? (बेलापूर)

उत्तर: तो तारा म्हणजे काक्षी, इंग्रजीत बेटेलज्यूस, आत्ताही दिसतो, हिवाळ्यात, दिव्यांच्या झगमगाटातसुद्धा. फुटेल नक्की, पण अंदाज एक लाख वर्षांच्या आतबाहेरचे आहेत, तेव्हा गच्चीवर जागा धरून ठेवू नका. २०१९ च्या शेवटी तो एकदम मंद झाला तेव्हा बातम्यांनी फारच उचललं होतं. ते प्रकरण धुळीचं निघालं, पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला आणि ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार होऊन आपल्या बाजूलाच आडवी आली. त्याचं तापमान फार घसरलेलं नाही हे कशावरून कळलं, तर टायटॅनियम ऑक्साइड या रेणूच्या पट्ट्यांवरून, ऐरोलीच्या ताईंना वर सांगितलं तेच.

प्रश्न: ताई, एसवायला आहे, कोपरखैरण्याला राहतो. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, यावर कॉम्प्युटेशनल काही होतं का की सुपरकॉम्प्युटरच लागतो? क्लासवाले हजारो रुपये मागतायत कोर्सचे. (कोपरखैरणे)

उत्तर: क्लासला एक रुपया देऊ नकोस. उबंटू टाक आणि क्वांटम एस्प्रेसो हा डीएफटीचा कोड उतरवून घे, फुकट आहे. पहिलं काम सिलिकॉन, कारण त्यात दोनच अणूंचा एकक घेऊन भागतं, आणि आतले दहा इलेक्ट्रॉन स्यूडोपोटेन्शियलच्या (त्यांचा एकत्रित परिणाम आधीच काढून ठेवलेल्या) फाइलमध्ये गुंडाळलेले असतात म्हणून प्रत्येक अणूचे बाहेरचे चारच मोजावे लागतात. ८ जीबीवर काही सेकंदांत उत्तर येतं.

पण उत्तर आलं म्हणजे झालं असं समजू नकोस, इथेच बरीच मुलं फसतात. कटऑफ, म्हणजे किती बारीक लाटांपर्यंत गणित करायचं ती मर्यादा, २० रिडबर्ग (ऊर्जेचं एकक) ठेवून चालव, मग ३०, मग ४०, ऊर्जा खाली खाली येत जाईल आणि एका जागी बदलायचीच थांबेल, तिथे कटऑफ धरायचा. मग के-पॉइंटची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या कुठल्या कुठल्या लाटा तपासायच्या त्यांची, जाळी ४ बाय ४ बाय ४, नंतर ८ ची, तसंच. हे कंटाळवाणं आहे, पण न करता काढलेल्या आकड्याला कोणी विचारत नाही. मग अणूंमधलं अंतर बदलत ऊर्जेचा आलेख काढ, तळ जिथे येईल तिथला लॅटिस कॉन्स्टंट, म्हणजे स्फटिकातल्या एका घनाची बाजू. प्रयोगातला ५.४३ अँगस्ट्रॉम, तुला पीबीई (डीएफटीतलं एक नेहमीचं सूत्र) वापरून ५.४७ च्या आसपास मिळेल, छान आहे. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, मात्र ०.६ च्या जवळ येईल आणि खरा आहे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तुझी इनपुट फाइल चुकली म्हणून रात्र घालवू नकोस, पीबीईसारख्या साध्या पद्धतींची ही जुनी खोड आहे, डीएफटीत सोडवतात त्या कोन-शॅम समीकरणातून येणारा गॅप हा मुळात खरा गॅप नसतोच, आणि तो सुधारायला पुढच्या जास्त महाग पद्धती लागतात.

ताऱ्यांकडे जायचं तर मेसा नावाचा कोड आहे, तोही फुकट. सूर्याएवढा तारा जन्मापासून म्हातारपणापर्यंत चालवून दाखवतो. रॅम जास्त खातो, १६ जीबी असेल तर बरं, आणि त्याच्या फोल्डरमध्ये जरा डोकावून बघ, प्रकाश वायूत किती अडतो याचे तयार तक्ते आत ठेवलेले दिसतील, ते सगळे अणूंचं गणित करणाऱ्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून केलेले. ते तक्ते चुकले तर तारा चुकतो. ऐंशीच्या दशकात सेफिड, म्हणजे ठरलेल्या वेळाने फुगणाऱ्या-आकसणाऱ्या, ताऱ्यांच्या स्पंदनांचा हिशोब काही केल्या जुळत नव्हता, शेवटी लोखंडासारख्या जड अणूंचं गणित नव्याने केलं तेव्हा जुळला.

आणि हे सगळं इन्स्टॉल होईपर्यंत हात मोकळे असतील तर नुसत्या पायथनमध्ये साहांचं समीकरण लिही, आणि कुठल्या पातळीवर किती अणू ते सांगणारं बोल्ट्झमनचं सूत्र जोडीला, दोन ओळींचं काम आहे. दुसऱ्या पातळीवरचे हायड्रोजन अणू एकूणातले किती, हा आलेख ४००० पासून २०००० केल्व्हिनपर्यंत काढ. आधी चढेल, कारण तापमान वाढलं की इलेक्ट्रॉन वर जातात, मग धाडकन उतरेल, कारण ते सुटूनच जातात. शेंडा १०००० च्या जवळपास येईल. व्याधाचं तापमान साधारण तेवढंच, अभिजितचंही, आणि दोघांच्याही प्रकाशात हायड्रोजनच्या रेषा सगळ्यात ठळक. आलेख जमला तर पाठव, पुढच्या अंकात छापू.